आत्याच्या वाटणीची कारवी

भाद्रपद उतरणीला लागला की आत्याचा फोन येतो. एरवी त्यात विशेष काही नसतं. भात पोटरीला आला, डुकरांनी बांध उकरला, तू कवा येतोस. यंदा मात्र आधी खोकला ऐकू आला, मग थोडा वेळ नुसताच वारा, आणि मग आत्या म्हणाली, "बाळ्या, फुलली रं."

मला बाळ्या म्हणणारं माणूस आता जगात एवढं एकच उरलंय. बाकीचे काका म्हणतात, सोसायटीचा वॉचमन अंकल म्हणतो, आणि बायको जे म्हणते ते पाहुण्यांसमोर म्हणत नाही.

काय फुलली, हे मी विचारलं नाही. आमच्या घराण्यात 'फुलली' म्हटलं की कारवीच. सात-आठ वर्षं हे झुडूप डोंगरउतारावर नुसतं हिरवं वाढत असतं. पान खरखरीत, देठ सरळसोट, दिसायला काही नाही. दर पावसात तरारतं, दर उन्हाळ्यात खराट्यासारखं उभं राहतं. आणि मग एका वर्षी, पाऊस ओसरत असताना, सगळा डोंगर एकदम जांभळा होतो. एखाददुसरं झुडूप नाही, सगळीच. जणू इतकी वर्षं आतल्या आत ठरवत होती. फुलते, बी धरते आणि मरून जाते. पुन्हा बियांपासून सुरुवात.

त्यामुळे आमच्याकडे वयं कारवीवर मोजायची पद्धत. माझं लग्न कारवीच्या आदल्या वर्षीचं. आत्याचा दत्ता कारवीची बोंडं फुटत होती तेव्हाचा. मागच्या कारवीला माझी मुलगी मुक्ता शाळेत होती, आणि माझ्या डोक्यावर, फोटो साक्षीला आहेत, केस होते.

हे सगळं मी घरी जेवताना सांगायला घेतलं तशी बायको भाजी निवडायला उठली. माझी गोष्ट सुरू झाली की तिला मेथीची जुडी आठवते. मी सांगणं थांबवलं नाही. ऐकणारं कुणी नसलं तरी चालतं, अशी सवय मला फार पूर्वीच झाली आहे.

आत्याची वाडी लोणावळ्याच्या अलीकडे, डोंगराच्या अशा बेचक्यात, की द्रुतगती महामार्गाचा आवाज तिथं पोचतो पण महामार्ग पोचत नाही. घराची पुढची खोली विटांची, दत्ताच्या पगारातून झालेली. तिथं टीव्ही आहे, प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत आणि कुणी बसत नाही. सगळे बसतात मागच्या स्वैपाकघरात, कारण त्या भिंती कारवीच्या. कारवीच्या वाळक्या काड्या उभ्या लावून, आडव्या बांबूंना आवळून कूड उभा करायचा आणि दोन्ही अंगांनी शेणमातीनं लिंपायचा. चुलीचा धूर कुठून बाहेर जातो ते दिसत नाही, पण जातो. वैशाखात आत शिरलं की अंगाला माठाला हात लावल्यासारखं वाटतं. लिंपणाचा पापुद्रा कुठं निघाला असेल तिथून उन्हाची एक बारीक काडी आत येऊन पडते. लहानपणी सुट्टीत मी ती काडी मुठीत धरायचा खेळ खेळायचो. मूठ मिटली की ती मुठीच्या बाहेर. अजून खेळतो, कुणी बघत नसेल तर.

हा कूड साधारण एका कारवीपासून पुढच्या कारवीपर्यंत टिकतो. तोवर वाळवी लागते, खालची टोकं कुजतात, आणि डोंगरावर नवी काडी तयार असते. किती टिकायचं हे कारवीनं आणि भिंतीनं आपसांत ठरवलं असावं, असं मला नेहमी वाटतं.

पण कापायची कधी, हे मात्र वाडीनं ठरवलेलं. फुलात असताना कारवीला कोयता लावायचा नाही. फुलाच्या दिवसांत बायका वर जायच्या, आपापल्या घराला पुरेल एवढं बेट निवडायच्या आणि त्याला जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी बांधायच्या. हिरवा काठ आत्याचा. काठ ओळखीचा, म्हणून भांडण नाही. त्या चिंधीची गाठ न सुटणारी असते. मग फुलं जायची, थंडी जायची, आणि उन्हाळा तापला की डोंगरावर बोंडं फुटायला लागायची. टिक्. टिक्. टिक्. आधी इथं एक, तिथं एक, मग दुपारभर सगळ्या उतारावर. बी उडून पडायचं. तो आवाज पुरता थांबला की म्हणायचं, तिचं तिनं ठेवून झालं, आता आपलं. मग वाडी कोयते घेऊन वर जायची, आणि पहिला घाव त्या गाठीवर. गाठ तुटली की बेट तुमचं.

मला हे सगळं येतं असा माझा समज होता. तरुणपणी एकदा मी चिंधी बांधली होती, आणि नंतर ती सापडली नाही. आत्या अजून म्हणते, "बाळ्यानं बांधलेली कारवी आजून हुबी हाय, हुडकतोय बिचारा."

मागच्या कारवीच्या हंगामाची गोष्ट मात्र मी हसून सांगू शकत नाही. प्रयत्न केला आहे.

त्या वर्षी डोंगर असा पेटला होता, की लोणावळ्याला चिक्की घ्यायला थांबलेली माणसं विचारायची, तिकडं काय आहे? मधमाश्यांचा आवाज खालच्या खाचरापर्यंत यायचा. फुलांमधून चाललं की कपड्यांना चिकट वास लागायचा, थोडा गोड, थोडा औषधी. त्याच दिवसांत वाडीत बातमी आली, की हा सगळा डोंगर, वरचं पठार, पायथ्याचे उतार धरून राष्ट्रीय उद्यान करायचं सरकारच्या मनात आहे. उद्यान म्हटल्यावर पहिले दोन दिवस वाडी खूश. घसरगुंडी होईल, बाकडी येतील, भेळेची गाडी लावता येईल. मग कुणीतरी नीट समजावून सांगितलं, की या उद्यानात घसरगुंडी नसते. गुरं नेता येत नाहीत. लाकूड नाही, हिरडा नाही, कारवी नाही.

ग्रामसभा झाली. मी गेलो होतो, म्हणजे पाहुणा म्हणून मागं भिंतीला टेकून उभा होतो. आत्याचे यजमान, आमचे मामा, तेव्हा होते. शांत माणूस. ते उठले आणि एवढंच बोलले, "साहेब, आमी कारवी राखली म्हणून तुमाला ती दिसली. आता तुमी ती आमच्यापास्नं राखणार व्हय?" सभेत टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. ठराव झाला: नको.

आणि मग वाडीनं पहारा बसवला. खाकी कपडा दिसला की हाकलायचा. वनखात्याची म्हणून काही पोरं दुर्बिणी आणि वह्या घेऊन फुलं मोजायला आली होती, त्यांना ओढ्यापलीकडं पिटाळलं. एकाची चप्पल चिखलात राहिली, ती वाडीत बरेच दिवस विजयचिन्हासारखी टांगलेली होती.

त्याच आठवड्यात दुसरी माणसं आली. पांढरे शर्ट, तिकाटण्यावरचं यंत्र, पिशवीत चुन्याची फक्की. खाकी नव्हती, म्हणजे आपलीच. पायथ्याचे उतार कुणाकुणाच्या मालकीचे, सातबाऱ्यावर नावांची जत्रा. निम्मी भावकी पिंपरी-चिंचवडला, त्यांच्यापैकी कुणीतरी मोजणी लावली असेल, असं सगळ्यांनी धरलं. ऊन होतं. आत्यानं त्यांना बोलावून घेतलं, कुडाच्या सावलीत बसवलं आणि पिठलं-भाकरी वाढली. मी त्या पंगतीला होतो. पिठलं उत्तम झालं होतं. जेवता जेवता एकानं विचारलं, "मावशी, इथं पाण्याचं कसं? उन्हाळ्यात वांधे होत असतील?"

आत्याला पाहुण्यांपुढं वाडीची अब्रू राखायची होती. हातातलं उलथनं उतारावर रोखून ती म्हणाली, "वांधं? त्यो झरा बगा, कारवीच्या बुडाशी. वैशाखातबी आटत न्हाई."

माणसांनी भाकरीवर भाकरी वाढून घेतली, आत्याला नमस्कार केला आणि झऱ्याकडे गेली.

पुढच्या उन्हाळ्यात बोंडं फुटली. वाडीनं आवाज थांबायची वाट पाहिली, रिवाजाप्रमाणं. मग कापणी झाली, कूड उभे राहिले. पाऊस पडल्यावर उतारावर बोटभर कोंब आले, असे दाट, की पाय ठेवायला जीव होईना. आणि पाऊस सरता सरता त्या कोंबांवरून जेसीबी गेला. भावकीनं सह्या दिल्या होत्या. मामा एका जागी बसून ते बघत राहिले. त्यानंतर ते फार बोलले नाहीत, आणि नंतर राहिलेही नाहीत. आत्या मात्र एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलायची, चुलीशी, बांधावर, झोपताना. "आटत न्हाई, हे म्याच सांगितलं."

आता तिथं कमान आहे. आत पांढरे बंगले, शनिवार-रविवारी भरतात. झऱ्याचं पाणी आत्यानं सांगितलं तसंच आहे, वैशाखातही आटत नाही. पोहायच्या तलावात असतं. या कमानीशी निळ्या गणवेशात उभा असतो आमचा दत्ता. नोकरी बरी आहे, साहेब लोक दिवाळीला मिठाई देतात. वाईट एवढंच, की डोंगराची जुनी पायवाट कमानीतून जाते आणि वर कॅमेरा आहे.

या आठवड्यात मी वाडीला गेलो तेव्हा आत्या मला घेऊन निघाली आणि कमानीशी दत्तानं खालमानेनं विचारलं, "कुणाकडं जायाचं?"

"तुज्या बापाकडं," आत्या म्हणाली.

"आई, कॅमेरा हाय."

"मंग त्याला बी सांग. म्हणावं, माजी कारवी वर हाय, बगाय चाललीया."

कमानीचा आडवा दांडा वर गेला. मी दत्ताकडे बघून ओशाळं हसलो. माझं हसू कॅमेऱ्यात आलं असेल.

आत्याच्या वाटणीचा तेवढा एक पट्टा राहिला आहे, बंगल्यांच्या वर, वनखात्याच्या हद्दीला लागून. मामा गेल्यावर तो तिच्या नावावर झाला. यंदा वाडीच्या अंगाला फुलली ती एवढीच. पूर्वी डोंगर जांभळा व्हायचा, आता डोंगराला जांभळी चिंधी बांधल्यासारखी दिसते. आणि आत्याच्या स्वैपाकघराची मागची भिंत पावसाच्या झडीनं फुगून बसली आहे, तिच्यावर निळी ताडपत्री ठोकली आहे. इतकी वर्षं तिनं त्या भिंतीला सिमेंट लावू दिलं नाही. "थांब, कारवी यीलच," म्हणायची. कारवी आली, आणि तिच्याबरोबर राष्ट्रीय उद्यानही पुन्हा आलं. नवा नकाशा, नवे साहेब. या खेपेला पायथ्याच्या ज्या मालकीच्या जागा उरल्या आहेत त्या संमतीनं आत घ्यायच्या. आत्याला विचारणं आलं: पट्टा देता का?

मुक्ता आता पुण्यात पर्यावरण शिकते. ती माझ्याबरोबर आली होती, आणि तिला यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळत नव्हतं.

"आत्याआजी, उद्यान झालं ना, की पुढच्या शंभर वर्षांत इथं एक वीट चढणार नाही. झरे राहतील, पाखरं राहतील. वाडीच्या मुलांना वाटाड्याचं काम मिळेल."

"आन् तुजा बिबट्या माजं वासरू न्हेतो, तवा तू कुटं आसतीस?"

"पुण्यात."

"मंग."

त्या दोघींच्या मधे मी ढोलकीसारखा. मुक्ता बोलली की वाटे, खरंच आहे. आत्या बोलली की वाटे, हेही खरंच आहे. बायको म्हणते, मला स्वतःचं मत नाही. आहे, पण ते उशिरा येतं, बहुतेक वेळा माणसं घरी गेल्यावर.

आणि माझ्या मताला विचारतो कोण? मी राहतो वराळ्याला. आमच्या सोसायटीच्या नावात डोंगर, दरी आणि पाखरू असं सगळं आहे आणि खिडकीतून पलीकडच्या इमारतीचा जिना दिसतो. पायाखाली पूर्वी इंद्रायणी भाताची खाचरं होती. गॅलरीत उभं राहून मला नेहमीच वाटतं, की डोंगर जसाच्या तसा राहायला हवा. दुसऱ्याचा डोंगर राखायला माझ्याइतका तयार माणूस मिळणार नाही. पण ज्यांनी चिंध्या बांधून, आवाज थांबायची वाट बघून तो राखला, त्यांनाच उद्या त्यात काडी उचलायची मनाई होणार, हे घशाखाली उतरत नाही. मामांचा प्रश्न अजून तसाच उभा आहे. फरक एवढाच, की तेव्हा आम्हाला वाटलं, प्रश्न कुंपण हवं की नको असा आहे. कुंपण यायचंच होतं. कुणाचं, एवढंच आमच्या हातात होतं, आणि ते आम्ही पिठलं-भाकरी वाढण्यात घालवलं. पहिल्या खेपेला हो म्हटलं असतं तर भिंतीला सिमेंट तेव्हाच लागलं असतं, पण डोंगर जांभळा राहिला असता. हा हिशेब मी दोन्ही बाजूंनी मांडतो आणि दोन्हीकडून हातात काही येत नाही.

ग्रामसभेच्या आदल्या संध्याकाळी चुलीशी बसलो होतो. आत्यानं दत्ताला सरळ विचारलं, "माज्या मागं तू पट्टा इकशील?"

दत्ता भाकरीचा तुकडा मोडत राहिला. "न्हाई म्हणावं का, आई?"

"खरं बोल."

"पोरांची शिक्षणं हायती. बंगलेवाले रोज इचारत्यात. लय दिस न्हाई म्हणवणार न्हाई मला."

मला वाटलं आत्या भडकेल. तिनं त्याच्या ताटात कोरड्यास वाढलं. "खरं बोललास, बरं झालं," म्हणाली. "तुज्या बापानं आसंच शिकीवलं तुला."

ग्रामसभेत मी पुन्हा मागं, त्याच भिंतीला टेकून. वाडी पूर्वीपेक्षा कमी, खुर्च्या जास्त. आत्या उठली, पदर खोचला आणि नव्या साहेबांना म्हणाली, "पट्टा दिला तर मला कारवी कापता यील का?"

साहेब तरुण होते, पण बनवाबनवी करणारे नव्हते. "मावशी, खोटं सांगत नाही. राष्ट्रीय उद्यान झालं की काडीसुद्धा नेता येत नाही."

"फुलात न्हाई म्हणत मी. बी पडल्यावर. मेल्यावर."

"मेल्यावरही नाही."

"माज्या न्हवं, कारवीच्या मेल्यावर इचारतीया."

सभा हसली. साहेबही हसले, मग गंभीर झाले. "कारवीच्याच म्हणतोय मी. ती तिथंच वाळणार, तिथंच पडणार."

खिडकीतून डोंगराची ती जांभळी पट्टी दिसत होती. आत्यानं तिकडं पाहिलं नाही, साहेबांच्या कपाळाकडे पाहत राहिली. "मंग घ्या," ती म्हणाली आणि खाली बसली.

टाळ्या पडल्या नाहीत. मुक्ता माझा हात घट्ट धरून उभी होती. जिंकलेलं माणूस असा हात धरत नाही.

बाहेर आल्यावर मी माझी अक्कल चालवली. "आत्या, कागद व्हायला अजून काही वर्षं जातील. तोवर एक कापणी होऊन जाईल. भिंत उभी राहील तुझी."

"लेक दिल्यावर तिच्या अंगावरचं डोरलं मागायचं व्हय रं?" आत्या म्हणाली. "दिली म्हंजी आजच दिली. चल, वर जाऊन यिऊ."

गेलो. कमानीशी दत्तानं नियमानं विचारलं, कुणाकडं, आणि आत्यानं या खेपेला उत्तर दिलं नाही, नुसतं वर बोट केलं. चढावर माझा श्वास मला सोडून पुढं जात होता. आत्या मात्र दर चार पावलांनी थांबून मलाच विचारायची, दमलास का. पट्ट्यात पोचलो. फुलं खांद्याला लागत होती. माश्यांचा आवाज इतका होता, की खालचा महामार्ग ऐकू येईना. आत्या बेटांमधून हिंडायला लागली. एकेक देठ मुठीत धरून बघायची, सरळ आहे का, जाड किती, मान हलवून पुढच्याकडे. ही चुलीमागं. ही दाराच्या अंगाला. मला कळेना, की ही नक्की काय करते आहे. मग तिनं कनवटीतून चिंधी काढली. हिरवा काठ. सकाळी, सभेच्या आधीच, फाडून ठेवलेली असणार.

एका चांगल्या भरगच्च बेटापाशी ती थांबली. चिंधी हातात, हात बेटाभोवती. तशीच राहिली. फुलांवरच्या माश्या तिच्या मनगटावर बसून उडत होत्या. मग ती खाली दगडावर बसली, लुगडं जरा वर घेतलं आणि चिंधी माझ्यापुढं धरली.

"गुडघा लय दुखतुया. घट बांध. उतार हाय."

मी बांधली. बोटांनी आपोआप तीच गाठ मारली, जी तरुणपणी याच डोंगरावर तिनं मला शिकवली होती. आत्यानं वाकून गाठ चाचपली.

"मेल्या, ही सुटत न्हाई. कापावी लागती."

"घरी गेल्यावर कापू की. कोयता आहेच."

"व्हय," आत्या म्हणाली. "तेवढ्याला हाय."

आम्ही उतरलो, ती पुढं, मी मागं. कमानीशी दत्ता उभा होता. त्याची नजर आईच्या रिकाम्या हातांवर गेली, मग गुडघ्यावर, हिरव्या काठावर. वर कॅमेरा होता. दत्तानं डोक्यावरची टोपी काढली आणि काही न विचारता दांडा वर धरून राहिला, आम्ही पार बाहेर पडेपर्यंत.